मास्तरांनी पाडलेला मुडदा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका ट्रकची केबिन गॅस कटरने कापत होतो. यार्डाच्या ऑफिसातला फोन मी बाहेरच्या भोंग्याला जोडून घेतला आहे, त्यामुळे तो वाजला की आजूबाजूच्या सगळ्या भातशेतांना ऐकू जातो. मी कटर बंद केला नाही. गिऱ्हाईक असेल तर परत करेल म्हटलं. भोंगा थांबला, परत वाजला, थांबला, परत वाजला, तेव्हा शिव्या देत आत गेलो. "भाऊजी, ह्यांना ट्रकने उडवलं," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "सायकलवर होते. गेले. तुम्ही येता का? इथे कोण काय सांगतंय, मला काही कळत नाहीये." मी येतो म्हटलं आणि फोन ठेवला. बाहेर येऊन पाहतो तर केबिनचा अर्धा कापलेला पत्रा स्वतःच्या वजनाने वाकत वाकत खाली आला होता. मी जिथे उभा होतो बरोबर तिथे.

या वहिनींच्या नवऱ्याशी, मास्तरांशी, माझं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. वहिनींना ते माहीत होतं. तरीही त्यांनी पहिला फोन मला केला, यावरून मास्तरांनी घरात माझ्याविषयी काय सांगितलं असेल याचा अंदाज मी गेले काही आठवडे करतो आहे. गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द लिहा, असं या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं. मी म्हटलं, मी जुन्या गाड्या विकतो, माल जसा असेल तसा सांगतो, डेंट लपवत नाही. मास्तरांनी माझ्यावर अन्याय केला होता. तो सांगितल्याशिवाय मास्तर सांगता येणार नाहीत.

मास्तर म्हणजे प्राध्यापक दिगंबर उपळेकर. मूळचे पुण्याचे, जपानात टोकियोजवळच्या त्सुकुबातल्या एका विद्यापीठात इंग्रजी कविता शिकवायचे. मी इचलकरंजीचा. बापाच्या वेळेपासून मागांची दुरुस्ती, मग गॅरेज, मग जपानात कोणीही काम मागितलं की मिळत होतं त्या दिवसांत इकडे आलो, कारखान्यात राबलो, तिथल्याच कॅन्टीनमधल्या नोरिकोशी लग्न केलं आणि पुढे त्सुकुबाच्या बाहेर पत्र्याचं कुंपण घालून स्वतःचं यार्ड टाकलं. मोडक्या गाड्या घ्यायच्या, चालतील त्या जहाजाने बाहेर पाठवायच्या, बाकीच्या कापायच्या. कोणाकडून काही फुकट घेतलं नाही आणि पहिल्या भावाला काही विकत घेतलं नाही.

मास्तर पहिल्यांदा यार्डात आले ते वहिनींसाठी छोटी गाडी बघायला. त्सुकुबात रस्ते एवढे रुंद आणि सगळं एवढं लांब लांब, की भाजी आणायलासुद्धा गाडी लागते. मास्तर स्वतः सायकलवर खूश होते. मी एक पांढरी गाडी दाखवली, भाव सांगितला. मास्तर म्हणाले, "हं." मी म्हटलं, टायर नवे घालून देतो. "हं." बरं, सरकारी तपासणी माझ्याकडून. "हं." मला वाटलं, माणूस पक्का आहे, आणि थोडा भाव उतरवला. "हं." आणखी उतरवला. मास्तर हनुवटीवर हात ठेवून, मान किंचित तिरकी करून माझ्याकडे असे बघत होते जणू मी त्यांना एखादी लांबलचक गोष्ट सांगतो आहे. शेवटी मीच म्हटलं, "अहो मास्तर, काय तरी बोला, न्हाईतर मी फुकट देऊन बसतो." ते दचकले. "अहो, मला तर पहिलाच भाव मान्य होता," म्हणाले. "तुम्ही बोलत होतात, मी ऐकत होतो." मग हसायला लागले ते थांबेचनात. "शेठ, आत्ता तुम्ही जे केलंत ना, त्याच्यावर मी माझी निम्मी हयात घालवली आहे."

त्यांचा विषय मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडातल्या कवींनी एक प्रकार काढला, त्याला ड्रॅमॅटिक मोनोलॉग म्हणतात. मराठीत त्याला नाट्यात्म स्वगत म्हणतात, पण मास्तरांना तो शब्द अजिबात पटत नसे. "स्वगतात माणूस स्वतःशी बोलतो," ते सांगत. "इथे समोर कोणीतरी आहे. पाहुणा असेल, बायको असेल, नोकर असेल. तो कवितेत एक अक्षर बोलत नाही. पण तो उठायला लागला की बोलणारा म्हणतो, बसा बसा. तो घाबरला की बोलणारा म्हणतो, घाबरताय काय. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाचं आपण एकाच बाजूचं ऐकतो ना, तसं." कवीने स्वतःच्या मनातलं काही सांगायचं नाही. जहागीरदार उभा करायचा, धर्मगुरू उभा करायचा, बायकोचा जीव घेतलेला नवरा उभा करायचा, आणि त्याला बोलू द्यायचं. तो आपली बाजू मांडत जातो आणि मांडता मांडता उघडा पडतो. त्या काळात सभ्यपणा इतका बोकाळला होता, मास्तर म्हणत, की खुनी माणसालासुद्धा वाक्य नीट पूर्ण करूनच बोलावं लागे.

"म्हणजे पोलिसातला जबाब की," मी म्हटलं.

"जबाबात पोलीस विचारतो, शेठ. इथे कोणी विचारत नाही. विचारत नाही म्हणून हा गरजेपेक्षा जास्त सांगतो. आणि समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला पटलंय, असं धरून चालतो. तिथेच तो मरतो."

मग शनिवारी मास्तर यार्डात यायला लागले. थंडीत ऑफिसातल्या रॉकेलच्या शेगडीवर किटली, उन्हाळ्यात बाहेर इंजिनांच्या ढिगावर बसून मशीनमधली डब्याची कॉफी. वर्गात त्यांना बोलणारं कोणी मिळत नव्हतं. "माझे सगळे विद्यार्थी त्या कवितांमधले ऐकणारे आहेत," म्हणायचे. त्या खुन्यांच्या कविता ते मराठीत करून मला वाचून दाखवत, आणि वाचायचे म्हणजे उभं राहून, हातवारे करून. एकदा गळा दाबणाऱ्या माणसाचं बोलणं त्यांनी इतक्या गोड आवाजात सुरू केलं आणि इतक्या भयानक किंकाळीवर नेलं, की शेजारच्या शेतातला म्हातारा कुदळ घेऊन कुंपणाशी धावत आला. मास्तरांनी कमरेत वाकून वाकून त्याची माफी मागितली. म्हातारा कुदळ खांद्यावर टाकून जाईना. तो पुढचं ऐकायला थांबला होता.

आता भांडणाचं सांगतो.

आमच्या इचलकरंजीकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. खरं हाय का? हाय. सौदा पक्का हाय का? हाय. जपानी माणूस समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये 'हाय' म्हणतो, त्याचा अर्थ इतकाच की ऐकतोय, चालू ठेवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. नोरिकोने सांगितलं होतं. डोक्याला कळलं होतं. पण कानाला इचलकरंजीचाच 'हाय' ऐकू यायचा, आणि कान आधी ऐकतात. कुरिहारा नावाच्या दलालाकडे बुडालेल्या एका वाहतूक कंपनीचे ट्रक होते. त्याच्या शेडमध्ये बसून मी माझ्या साऱ्या अटी सांगितल्या, एकेक करून. प्रत्येक अटीला तो माणूस मान लववून 'हाय' म्हणाला. मी उठलो, बाहेरच्या देशातल्या माझ्या माणसाला शब्द दिला, जहाजात जागा धरली. आणि ट्रक दुसऱ्याच कोणाच्या यार्डात गेले.

मी कुरिहाराच्या शेडमध्ये गेलो. तो चहा पीत होता. मी विचारलं, तू मला शब्द दिला होतास? तो म्हणाला, "हाय." आणि माल दुसऱ्याला दिलास? "हाय." मला तोंडावर हसतोस? "हाय…" तिसऱ्या हायला मी मारलं. मूठ तोंडावर बसली, कप त्याच्या हातातच फुटला, खुर्चीसकट तो मागे गेला. मी टेबल ओलांडून त्याच्या छातीवर बसलो आणि परत मारलं. त्याचे पुढचे दोन दात माझ्या बोटांत रुतले, ती खूण अजून आहे. तोंडातलं रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या बाहीवर, खाली सिमेंटवर. टायर खोलायचा पाना भिंतीला टेकून होता. तो मी उचललाही होता. मग खाली ठेवला आणि तिथेच बसून राहिलो.

पोलिसांनी नेलं तेव्हा मी मास्तरांना बोलवायला सांगितलं, कारण माझं जपानी रागात मोडतं. मास्तर सायकलवरून धापा टाकत आले, माझ्या शेजारी बसले आणि मी सांगेन ते जपानीत सांगू लागले. समोरचा पोलीस भला माणूस होता. माझ्या प्रत्येक वाक्याला 'हाय, हाय' म्हणत होता. मला धीर आला. मी आणखी सांगत गेलो, पाना उचलल्याचंही सांगायला निघालो, तर मास्तरांनी माझी मांडी दाबली. "शेठ, पुरे."

"का? त्याला पटतंय की. हाय म्हणतोय."

"तो तुमच्या गावचा हाय नाही हो," मास्तर दात आवळून म्हणाले.

पान्याचं वाक्य त्यांनी जपानीत केलंच नाही. कुरिहाराची मी त्याच्या घरी जाऊन, जमिनीला कपाळ लावून माफी मागितली, दातांची भरपाई केली, प्रकरण आपसात मिटलं. मास्तर दोन्ही वेळा माझ्याबरोबर आले होते. तो माणूस माझ्यासाठी इतका राबला की पुढे त्याने जे केलं ते मला जास्तच झोंबलं.

टोकियोत तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. गणपतीत एखादा हॉल भाड्याने घेऊन सगळे जमायचे. निशी-कसाईकडची चार बिऱ्हाडं, आम्ही त्सुकुबाचे, कोणी कोणी रात्रीच्या बसने लांबून आलेले. आरती, मोदक, मुलांची गाणी, आणि मग कार्यक्रमात मास्तरांनी स्वतः लिहिलेली कविता म्हणायची होती. ते मधोमध येऊन उभे राहिले, एक रिकामी खुर्ची समोर ठेवली आणि तोंड उघडलं. त्या पुणेकराच्या तोंडून माझा आवाज बाहेर आला.

"बसा सायेब. चा घ्या. मी काय पळून चाललो न्हाई…"

भंगारवाला पोलिसाशी बोलतो आहे. पोलीस म्हणजे ती रिकामी खुर्ची. आधी लोक खूप हसले. माझी भाषा, माझं खांदे उडवणं, बोलताना मी समोरच्याच्या गुडघ्यावर टिचकी मारतो तीसुद्धा मास्तरांनी खुर्चीवर मारली. मला स्वतःला हसू आलं. मग दलाल आला, त्याचा हाय आला, मूठ आली. आणि कविता तिथे थांबली नाही. दात पडल्यावर भंगारवाला पाना उचलतो.

"दात पडल्यावरबी त्यो हायच म्हनत हुता.
मग म्हनायचा ऱ्हायला.
मी म्हनलं, म्हन की. इतका येळ म्हनत हुतास न्हवं?
त्येची मान धरून मीच हलिवली. वर-खाली. वर-खाली.
लई हलकी झालती."

शेवटी भंगारवाला खुर्चीकडे बघून म्हणतो, "ही काय, तुमीबी मान हलिवली. लिवा, सायेबबी हाय म्हनले." मास्तरांनी मान खाली घातली. कोणी टाळी वाजवली नाही, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी दोन दात पाडले होते. मास्तरांनी मुडदा पाडला.

लोकांचं मला काही नव्हतं. धंद्यात आपल्याला थोडं घाबरले तर बरंच असतं. पण माझी मीना तिथे पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. तेव्हा अकराची असेल. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जपानीत देते. परतताना गाडीत तिने आईला जपानीत विचारलं, "तो माणूस मेला का?" नोरिको म्हणाली, कोणता? "पप्पाने मारला तो." मी आरशातून बघत म्हटलं, "कोणी मेलं नाही. ती मास्तरांची कविता आहे. दोन दात पडले फक्त, नवीन बसवले त्याने."

मीना म्हणाली, "हाय."

तोवर मला तो शब्द समजायला लागला होता. ऐकलं, एवढंच त्यात होतं. त्या दिवसानंतर ती माझ्या शेजारच्या सीटवर बसेना, मागे बसू लागली, दाराला चिकटून. फोनवर माझा आवाज चढला की हातातलं पुस्तक मिटून आईच्या खोलीत जायची. मी तिला विचारलं असतं, तू मला खुनी समजतेस का, तर ती पुन्हा 'हाय' म्हणाली असती आणि त्याचा अर्थ मला पुन्हा कळला नसता. सगळ्या जगाशी घासाघीस करणारा मी, घरातल्या त्या एका शब्दापुढे माझं काही चालत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मास्तर नेहमीसारखे आले. मी चहा विचारला नाही. म्हटलं, कविता बदला. "कोणती?" म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, येडं पांघरू नका. दलालाला जिवंत ठेवा. हात मोडा, पाय मोडा, दोन्ही मोडा, हरकत नाही. जीव नको."

"शेठ, कवितेत भाव होत नाही."

"सगळ्यात होतो. बेशुद्ध करा. दवाखान्यात टाका. पोरगी माझ्याजवळ बसत नाही, मास्तर."

त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. पण म्हणाले, "तो तुम्ही नाही. तुम्ही पाना खाली ठेवलात. मी वर्षभर विचार करतोय, याने खाली का ठेवला. मला ते सापडलं नाही. म्हणून ज्याने नाही ठेवला, त्याला बोलतं केलं. मीना मोठी झाली की तिला कळेल."

"तोवर मी काय करू?" मी विचारलं, आणि मास्तर हनुवटीवर हात ठेवून, मान तिरकी करून म्हणाले, "हं…"

माझं डोकं फिरलं. शेजारी कापायला ठेवलेली एक गाडी होती. मी घण उचलला आणि तिची पुढची काच फोडली. मग बाजूच्या काचा, मग दिवे, मग बॉनेट, नुसता मारतच सुटलो. गाडी माझी, काच माझी, नुकसान माझं. काचेचा चुरा मास्तरांच्या केसांत, स्वेटरवर, चष्म्यावर. कपाळावर एक बारीक रेघ उमटून तिच्यातून रक्त येऊ लागलं. ते हलले नाहीत. पळून गेले असते तर मला बरं वाटलं असतं. मी घण त्यांच्या पायाशी टाकला आणि म्हटलं, "चालते व्हा. आता हेपण लिहा." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, सायकल उचलली आणि गेले. हे त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी त्यानंतर त्यांना पाहिलं ते दवाखान्याच्या तळघरात, चादरीखाली. कपाळावरची ती रेघ भरून आली होती, बाकी फारसं काही ओळखू येत नव्हतं. चौकात डावीकडे वळणाऱ्या ट्रकने त्यांना सायकलसकट चाकाखाली ओढलं होतं. आयुष्यभर मोडलेली वाहनं बघत आलो. ती सायकल मला बघवली नाही.

त्या दिवसांत मीना आपण होऊन माझ्याबरोबर आली. वहिनींना जपानी यथातथाच, दवाखाना, पोलीस, दहनवाले, नगरपालिका, सगळ्यांशी बोलायला नीट भाषा येणारं कोणीतरी हवं होतं. आता ती तेरा वर्षांची आहे. गाडीत मागेच बसली. दहन झालं. इथल्या रीतीप्रमाणे लांब काड्यांनी हाडं उचलून भांड्यात ठेवायची असतात, ती वहिनींनी आणि मी मिळून उचलली. माझी काडी दोनदा निसटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विद्यापीठाच्या वसाहतीतल्या मास्तरांच्या घरची बेल वाजली. काळा सूट घातलेला, पन्नाशीचा, कारकुनासारखा दिसणारा माणूस. त्याने नाव सांगितलं, ओनो, आणि चपला काढायच्या जागेतच गुडघ्यांवर बसून डोकं फरशीला टेकवलं. तो ट्रक तोच चालवत होता. वहिनी आतून येऊन समोर बसल्या, मीना त्यांच्या शेजारी, मी भिंतीला टेकून उभा. वहिनी म्हणाल्या, "मीना, तो म्हणेल ते मला जसंच्या तसं सांग. काही गाळायचं नाही."

आणि मीना मराठीत बोलायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून सलग चार मराठी वाक्यं ऐकली नव्हती, त्यामुळे ती कोणाची मराठी बोलेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. "म्हनतोय, माफी मागायला तोंड न्हाई. म्हनतोय, माल पोचवायचा हुता. सकाळपासनं गाडीवरच हुता." वहिनी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या. त्यांनी मीनाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. ओनो डोकं वर न करता बोलत होता. उजेड कमी झाला होता. आरशात त्या कोपऱ्यातलं नीट दिसत नाही. कंपनी उशीर झाला तर फेरी काढून घेते. घरी आई अंथरुणाला खिळलेली. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. आम्ही तिघंही गप्प होतो, आणि तो जास्त जास्त सांगत चालला होता. मग तो म्हणाला की दिवा लहान होता, सायकलचा, तो हलत होता, वाटलं हा थांबेल, सगळे थांबतात…

मला जपानी कळतं. मीनाच्या आधी कळलं. भिंतीपासून मी सुटलो कधी आणि त्याची कॉलर माझ्या मुठीत आली कधी, ते आठवत नाही. त्याला मी जमिनीवरून वर ओढला होता, त्याचं डोकं बुटांच्या कपाटावर आपटलं, बूट खाली पडले. तो हात वर करत नव्हता. त्याचं नाक माझ्या मुठीपासून वीतभर लांब. तो तसाच, लोंबकळत, "हाय… हाय…" म्हणत होता, आणि माझा दुसरा हात मागे गेला होता.

मीना बोलायची थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणाला तो?" वहिनींनी विचारलं. "मीना, काय म्हणाला?"

मीनाने माझ्यावरची नजर काढली नाही. "म्हनला, दिसला हुता," ती म्हणाली. "दिवा दिसला हुता. वाटलं, थांबेल."

वहिनींच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत रुतली होती. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, सोडा त्याला. त्याचं बोलून संपलेलं नाही." मी सोडला. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला, शर्ट नीट केला आणि पुढचं सांगू लागला. मीना सांगत गेली, शेवटपर्यंत, काही न गाळता. दुसऱ्या दिवशी त्याने पोलिसांनाही तेच सांगितलं, असं नंतर कळलं. पुढे काय व्हायचं ते कोर्टात होईल. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

येत्या महिन्यात टोकियोत सगळे मास्तरांसाठी जमणार आहेत. वहिनींनी मला कविता वाचायला सांगितली. तीच. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ती बसत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, वाचतो, पण दलालाला जिवंत ठेवून. "एक शब्द बदलायचा नाही," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, मग निदान शेवट गाळतो. "भाऊजी, एक शब्दसुद्धा नाही." इतकी वर्षं पहिल्या भावाला मी काही घेतलं नव्हतं. हे घेतलं.

मास्तरांवरची माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. त्यांनी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं आणि त्यांनी तरी लिहिली असती, तेही खरं.

काल यार्डाच्या ऑफिसात सराव केला. मीना म्हणाली, समोर कोणीतरी पाहिजे, मी पोलीस होते. तिला देवनागरी येत नाही. दोन दिवस माझ्याकडून ऐकून ऐकून तिने सगळी कविता जपानी काताकाना लिपीत स्वतःसाठी उतरवून घेतली आहे. तो कागद मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसली, मी उभा राहिलो. बसा सायेब, चा घ्या, इथपासून सुरू केलं. दलाल आला, मूठ आली, दात पडले. पाना उचलतो तिथे मास्तरांनी हात डोक्याच्या वर नेला होता, म्हणून मीही नेला. हात वर गेला आणि पुढची ओळ मला आठवेना. मी तसाच उभा, हात उगारलेला, आणि माझी मुलगी हाताच्या अंतरावर, मान वर करून माझ्याकडे बघत बसलेली. ती मागे सरकली नाही. तिने कागदावर बोट ठेवलं, ओळ शोधली, आणि माझा हात खाली यायची वाट न बघता पुढचा शब्द मला सांगितला.